मोठ्या फोटोला मोठे यंत्र लागत नाही

‘मोठा फोटो हवा तर मोठ्या मशीनवरच काढावा लागतो’ हे विधान इतक्या जणांनी इतक्या वेळा केले आहे की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. भिलाईला लागून असलेल्या उतईसारख्या नगरपंचायतीच्या गावात त्याचा व्यवहारातला अर्थ ठरून गेलेला आहे. आजोबांच्या वर्षश्राद्धाला, घरातल्या लग्नाला किंवा गणपतीच्या आराशीला दोन-तीन फुटांचा फोटो लागला, की तो मोबाइलवरून दुकानात पाठवायचा आणि भिलाईहून किंवा दुर्गहून फ्लेक्स करून आणायचा. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतलेला ए-४ आकाराचा रंगीत प्रिंटर घरातच असतो. पण त्यावर तुकडे छापून, ते जोडून मोठा फोटो करणे हा पोरखेळ समजला जातो. अशा फोटोत बारकावा राहत नाही, सांधे दिसतात, रंग जुळत नाहीत, शिवाय तो महाग पडतो, असे सांगितले जाते. हे आक्षेप सारखेच खोटे नाहीत. काहींत तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. मात्र त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. फोटो किती मोठा करता येईल हे यंत्राच्या रुंदीवर ठरत नाही. तो किती अंतरावरून पाहिला जाणार आणि मूळ फाइलीत किती तपशील शिल्लक आहे, यावर ते ठरते, आणि या दोन्ही बाबतींत घरचा छोटा प्रिंटर दुकानातल्या यंत्रापेक्षा कमी नाही.

बारकाव्याचा आक्षेप सर्वांत शास्त्रीय वाटतो, म्हणून तो आधी घेऊ. छपाईच्या धंद्यात ‘तीनशे डीपीआय’ हा आकडा शेवटचा शब्द मानला जातो: एका इंचात ३०० बिंदूंचा तपशील असेल तरच फोटो स्पष्ट. हा आकडा ए-० आकाराला, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरच्या कागदाला लावला, तर जवळजवळ १४० मेगापिक्सेलची फाइल लागते आणि घरातल्या मोबाइलचा फोटो तिथेच नापास होतो. पण हा ३०० कुठून आला? निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. पुस्तक धरतो तसा कागद ३० सेंटिमीटरवर धरला, तर एवढा कोन कागदावर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे इंचात सुमारे २९० बिंदू. तीनशेचा नियम हा हातात धरून पाहायच्या फोटोचा नियम आहे. तोच फोटो भिंतीवर टांगून एक मीटरवरून पाहिला तर इंचाला ८७ बिंदू पुरतात, दोन मीटरवरून ४४. ए-० म्हणजे सोळा ए-४ कागद. इंचाला ८७ या हिशेबाने एवढ्या मोठ्या फोटोला १२ मेगापिक्सेलच्या आतली फाइल लागते. कित्येक वर्षांपासून साध्या मोबाइलचा कॅमेरा ४००० बाय ३००० बिंदूंचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ते ४००० बिंदू ११८९ मिलिमीटरवर पसरले की इंचाला ८५ पडतात. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसलेला माणूस समोरच्या भिंतीपासून क्वचितच एक मीटरपेक्षा जवळ असतो. म्हणजे ज्या फोटोला अपुरा म्हटले जाते तो त्याच्या जागी पुरेसा आहे. अपुरे आहे ते मोजमाप, कारण त्यात अंतर धरलेलेच नाही.

हे गणित खरे आहे हे मोठ्या छपाईच्या धंद्याइतके दुसरे कोणी जाणत नाही. फ्लेक्स छापणारे ग्राहकाकडून बहुधा ७२ ते १०० डीपीआयचीच फाइल मागतात, आणि चौकातल्या उंच फलकाला त्याहूनही कमी चालते. ते बरोबरच करतात, कारण फलक रस्त्यावरून पाहायचा असतो. तक्रार एवढीच आहे की स्वतःच्या यंत्राला जो न्याय लावायचा तो घरच्या प्रिंटरला लावायचा नाही. उलट जवळून पाहायची वेळ आली तर छोटा प्रिंटरच वरचढ ठरतो. उतईत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या एखाद्या तुकडीचा सामूहिक फोटो मोठा करून लावला, तर कोणीही तो लांबून पाहून समाधान मानणार नाही. प्रत्येक जण जवळ जाऊन आपला माणूस शोधणार. इथे अंतराचा माझा युक्तिवाद लंगडा पडतो हे कबूल केले पाहिजे: काही फोटो कितीही मोठे केले तरी हातभर अंतरावरूनच पाहिले जातात. पण अशा वेळी घरच्या इंकजेटचे हेड प्रत्येक ए-४ कागदावर त्याच्या पूर्ण बारकाव्याने छापते, मग तो कागद एकटा असो की सोळांतला एक. फ्लेक्सवर हातभर अंतरावरून शाईचे ठिपके आणि कापडाची वीण दिसते. बारीक चेहऱ्यांची मर्यादा इथे कॅमेऱ्याची असते, प्रिंटरची नसते. आणि कॅमेऱ्याने टिपलेले सगळे कागदावर आणण्याचे काम घरचा प्रिंटर जास्त प्रामाणिकपणे करतो.

आता फाइलीकडे येऊ. मोठा फोटो फसतो तो बहुतेक वेळा छापताना फसत नाही, पाठवतानाच फसलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकुंचित होतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ढोबळमानाने १६०० बिंदूंवर येते, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल उरतात. दुकानातल्या संगणकावर पोचते ती ही उरलेली फाइल. ती तीन फुटांवर ताणली की चेहरा मऊ, मेणासारखा होतो, आणि मग ‘मोबाइलचा फोटो मोठा होत नाही’ असा निकाल दिला जातो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण हे ग्राहकाला सांगितले जात नाही. घरच्या छपाईत हा टप्पाच नाही: मोबाइलमधली मूळ फाइल केबलने संगणकावर येते आणि तिथून कागदावर. शिवाय घरातल्या बायका-मुलांचे फोटो परक्या संगणकांवर साठून राहत नाहीत. हा मुद्दा तांत्रिक नसला तरी मला तो गौण वाटत नाही.

जुन्या फोटोंची गोष्ट वेगळी आहे आणि तीच इथल्या घरांना जास्त लागू पडते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या पहिल्या काही दशकांत नोकरीसाठी दुर्ग-भिलाईच्या या पट्ट्यात आलेल्या पिढीचा एकमेव धड फोटो पुष्कळदा अर्जाला किंवा ओळखपत्राला काढलेला पासपोर्ट आकाराचाच असतो. ‘एवढ्याशा फोटोचा मोठा फोटो होणारच नाही’ हे विधान इथे सर्वांत आत्मविश्वासाने केले जाते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असा कागद घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केला तर सुमारे ८२७ बाय १०६३ बिंदू मिळतात. तो ४५ बाय ५८ सेंटिमीटरचा केला तर इंचाला ४६ बिंदू पडतात, म्हणजे दोन मीटरवरून पाहण्याइतके. कडेचा कोरा भाग आणि जोडाची जागा वजा करूनही हा आकार आडव्या सहा ए-४ कागदांत बसतो, दोन शेजारी शेजारी आणि तीन एकाखाली एक. मूळ कागद धूसर असेल तर स्कॅनर त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही. पण तो तपशील फोटो लॅबचे यंत्रही आणू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे ओलसर, कोपरे दुमडलेला तो एकुलता एक फोटो घराबाहेर पाठवावा लागत नाही.

‘तुकडे जोडून केलेला तो फोटोच नव्हे’ असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांचा आक्षेप तांत्रिक नाही, प्रतिष्ठेचा आहे, आणि इतिहास त्यांच्या बाजूने नाही. कागदावरचे मोठे चित्र शतकानुशतके तुकड्यांतच होत आले आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या कार्यशाळेने सम्राट मॅक्सिमिलियनसाठी सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केलेली विजयकमान सुमारे साडेतीन मीटर उंच आहे. ती १९५ लाकडी ठोकळ्यांवरून ३६ कागदांवर छापून जोडलेली आहे. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात तर फोटो बहुधा निगेटिव्हएवढाच निघत असे, कारण ती कागदाला टेकवूनच छाप घेतली जाई. १८५८ मध्ये छायाचित्रकार फेलीचे बेआतोने लखनौची विस्तीर्ण दृश्ये दाखवली ती एकामागून एक घेतलेले फोटो कडेला कड लावून. ते आज संग्रहालयांत जपले जातात आणि त्यांतले सांधे कोणी दोष म्हणून मोजत नाही. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यानाकडून मंगळाच्या पहिल्या जवळून घेतलेल्या चित्राचे आकडे येऊ लागले, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी यंत्रातून निघालेल्या आकड्यांच्या अरुंद कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि त्या खडूने रंगवून चित्र उभे केले. आपल्याकडे पाटबंधारे खात्यापासून भूगोलाच्या वर्गापर्यंत सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे. १:५०,००० प्रमाणाचा एक कागद रेखांशाची आणि अक्षांशाची पंधरा-पंधरा मिनिटेच दाखवतो. दुर्ग ते रायपूर हा पट्टा त्याहून रुंद आहे, म्हणून तो सलग पाहायचा तर कागद जोडावेच लागतात. त्या जोडलेल्या नकाशाला कोणी खोटा नकाशा म्हणत नाही.

सांध्यांचा आक्षेप मात्र मनापासून घ्यायला हवा, कारण त्यात खरोखर बळ आहे आणि घरच्या छपाईचे समर्थक तो फार सहज उडवून लावतात. डोळ्याची एक विलक्षण क्षमता अशी की दोन बिंदू वेगळे ओळखायला त्याला जेवढा कोन लागतो, त्याच्या कितीतरी लहान अंशाने सरकलेली रेघ तो पकडतो. व्हर्नियर पट्टीवर रेघा जुळल्या की नाही हे आपण बिनचूक सांगतो ते या क्षमतेवर. म्हणजे एक मीटरवरून पाव मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत, पण सांध्यावर साडीचा काठ पाव मिलिमीटरने तुटला तर तो दिसेल. तसेच आकाशासारख्या सपाट रंगात दोन कागदांच्या छटांत किंचित फरक पडला तरी ती कड उठून दिसते, कारण डोळा रंगाच्या पातळीपेक्षा रंगाच्या सीमेला जास्त जागा असतो. हे दोन्ही दोष मी नाकारत नाही. पण ते दोष जोडण्याच्या पद्धतीतले आहेत, जोडण्याच्या कल्पनेतले नाहीत. भिलाईत तयार होणारे रूळही वेल्डिंगने जोडूनच २६० मीटरचे करतात; सांधा नीट झाला की गाडीला तो जाणवत नाही.

नीट म्हणजे काय, हे इथे सांगणे भाग आहे, कारण फसलेले बहुतेक प्रयोग दोन-तीन ठरावीक चुकांनी फसतात. प्रिंटरमधला ‘बॉर्डरलेस’ पर्याय सर्वांत मोहक आणि या कामाला सर्वांत घातक आहे. कागदाची कड कोरी राहू नये म्हणून तो चित्र थोडे फुगवून कडेबाहेर सोडतो, आणि प्रत्येक तुकडा असा फुगला की शेजाऱ्याशी कधीच जुळत नाही. कोरी कड राहू द्यावी आणि तुकडे एकमेकांवर पाच ते दहा मिलिमीटर चढतील अशी सोय ठेवावी. अडोबी रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘पोस्टर’ नावाचा पर्याय आहे. त्यात मोठेपणाची टक्केवारी, चढाव आणि कापण्याच्या खुणा ठरवता येतात. ‘पोस्टरेझर’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅमही हेच काम करतो. सगळे कागद एकाच बाजूने यंत्रात घालावेत, कारण रोलर कागद ओढताना लांबीत बारीकसा फरक पडतो. सर्वांत तो एकाच दिशेने पडला तर जुळणी बिघडत नाही, एखादा कागद उलटा फिरवला तर बिघडते. कापायचे ते प्रत्येक तुकड्याच्या दोनच कडा, आणि ते धारदार कटर व स्टीलच्या पट्टीने; उरलेल्या दोन कोऱ्या कडा शेजाऱ्याखाली जातात. आणि ज्याचा विचार फार कमी लोक करतात ती गोष्ट ही की सांधे कुठे पडावेत हे आपल्या हातात असते. कडेला थोडी मोकळी जागा घालून तुकड्यांची सगळी जाळी सरकवली, तर सांधा डोळ्यांवरून किंवा ओठांवरून न जाता केसांतून, झाडीतून, साडीच्या चुण्यांतून नेता येतो, आणि तिथे डोळ्याला तो शोधूनही सापडत नाही. एवढेही जमणार नसेल तर तुकड्यांमध्ये मुद्दाम बोटभर फट ठेवून ते लावावेत. फट आली की रेघ जुळण्याचा प्रश्नच मिटतो. मधले चित्र मन भरून काढते.

रंगांबद्दलची भीती अर्धी खरी आहे. आज दोन तुकडे आणि आठवड्याने उरलेले चार छापले तर रंग वेगळे येणारच. आधी नोझल तपासावेत, एकाच पाकिटातला कागद घ्यावा, एकच सेटिंग ठेवावे आणि सगळे एका बैठकीत छापावे. छत्तीसगडच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, तेव्हा पाकीट छापण्याच्या वेळीच फोडावे. साध्या ७५ जीएसएमच्या कागदावर भरगच्च फोटो छापला की तो शाईने फुगून लाटा घेतो. त्यासाठी जाड मॅट कागद हवा, आणि चकाकणाऱ्या कागदापेक्षा मॅटवर सांधेही कमी दिसतात. चिकटवायला पातळ केलेले फेविकॉल वापरू नये. घरच्या इंक-टँक प्रिंटरची रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. ओल लागली की रंग पसरतो आणि कागद सुरकुततो. सनबोर्डवर दुहेरी टेपने लावलेले तुकडे सपाट राहतात.

खर्चाच्या बाबतीत फ्लेक्सवाल्यांचा मुद्दा मी मान्य करतो: चौरस फुटाच्या दराने घरची छपाई स्वस्त नाही. शाईच्या बाटलीवर हजारो पानांचा जो आकडा छापलेला असतो तो कार्यालयीन पानांचा आहे, ज्यांत कागदाचा अगदी थोडा भाग शाईने भरतो. पूर्ण पान भरणारा फोटो त्याच्या कित्येक पट शाई पितो. घरची छपाई फुकट पडते असे सांगणारे दिशाभूल करतात. पण घर चौरस फुटाने फोटो विकत घेत नाही. त्याला एक फोटो हवा असतो, आणि तो मनासारखा हवा असतो. दुकानात चेहरा काळवंडला तर पुन्हा पूर्ण पैसे किंवा पूर्ण वाद. घरी आधी चेहऱ्याचा एकच तुकडा छापून उजेड-अंधार पाहता येतो, फाइल सुधारता येते, मगच बाकीचे कागद घालायचे. एक तुकडा कापताना चुकला तर तेवढाच पुन्हा छापायचा. शिवाय फ्लेक्सच्या स्वस्ताईत एक किंमत धरलेलीच नसते. ते पीव्हीसीचा थर दिलेले कापड आहे. कार्यक्रम संपला की ते छपरावर किंवा नाल्यात जाते, कुजत नाही, आणि जाळले तर विषारी वायू सोडते. केरळने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली ती उगीच नाही.

तरीही काही ठिकाणी दुकानच योग्य आहे. फोटो उघड्यावर, उन्हापावसात लावायचा असेल तर इंकजेटचा कागद टिकणार नाही; थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोरही ती शाई लवकर फिकी पडते. एकसंध चकाकता कागद काचेच्या चौकटीत घालून पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचा असेल तर लॅबमध्ये जावे आणि चांगले पैसे मोजावेत. माझा विरोध लॅबला नाही. ए-४ प्रिंटर समोर असताना घराला ‘तुझ्याने होणार नाही’ असे सांगणाऱ्या समजुतीला आहे.

राहिला तो स्टुडिओवाल्यांच्या पोटाचा प्रश्न, आणि तो मला हलका वाटत नाही. मोबाइल आल्यापासून छोट्या गावातल्या स्टुडिओचा धंदा आधीच आटला आहे. त्यात घरोघर मोठे फोटो निघू लागले तर काय, असे विचारले जाते. पण दोन फुटांचा फ्लेक्स हे उतईच्या स्टुडिओवाल्याचे कसब नव्हतेच. त्याचे बरेचसे पैसे भिलाई-दुर्गच्या यंत्राला जातात आणि त्याच्या हाती मधली दलाली उरते. त्याच्याकडे साधा प्रिंटर असतो, कटर असतो, सांधा लपवण्याइतका सराईत हात असतो, आणि जुना डागाळलेला फोटो संगणकावर स्वच्छ करण्याचे ज्ञान असते, जे बहुतेक घरांत नसते. तुकड्यांचा फोटो छापून, जोडून, बोर्डावर लावून देण्याचे काम तो स्वतः करू शकतो आणि त्याची सगळी मजुरी गावात राहते. त्यासाठी त्याला नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. ग्राहक आला की फोटो किती फूट हवा, एवढेच न विचारता तो कोणत्या भिंतीवर लागणार, किती लांबून पाहणार हे त्याने विचारावे, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.